हाडाच्या पेशी ताणाखाली प्रोटीनला कशा धरून राहतात: कोल्हापुरात राहून हा प्रयोग लावायचा असेल तर

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला बायोमेकॅनिक्स घेतलेली पोरं हल्ली बरीच दिसतात, आणि बहुतेकांचा प्लॅन एकच असतो, पेशी घ्यायच्या, ताणायच्या आणि काय होतंय ते बघायचं. प्लॅन चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट राहते आणि हा सगळा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे: पेशी नेमकी कशाला धरून बसली आहे हे आधी पक्कं करा, मगच ताण द्या. ते माहीत नसेल तर तुमचा ताण पेशीपर्यंत कुठल्या वाटेनं पोचला हे शेवटपर्यंत कळत नाही, आकडे येतात पण त्यांचा अर्थ लावता येत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय पुढचे आकडे हवेत राहतील. हाड ताणाप्रमाणे स्वतःला बदलतं हे ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ सालीच मांडलं होतं. आपल्याकडं तालमीतला पैलवान बघून हे पटायला फार वेळ लागत नाही, पण मोजलेला पुरावा म्हणाल तर १९७७ मध्ये टेनिस खेळाडूंच्या दंडाच्या हाडाचे एक्सरे मोजले होते, त्यात पुरुष खेळाडूंच्या खेळत्या हाताच्या हाडाची बाहेरची घट्ट भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड निघाली. हात दोन्ही त्याच माणसाचे, खाणं तेच, रक्त तेच, फरक फक्त लोडचा. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर दाखवलं की दिवसाला ३६ वेळा लोड दिला तरी हाड वाढतं आणि १८०० वेळा दिला म्हणून त्याहून जास्त वाढत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, कारण नवीन माणूस पेशींना चोवीस तास सलग ताणत बसतो आणि त्याची गरज बऱ्याचदा नसते.

आता हा लोड पेशीला कळतो कसा? पेशीच्या पडद्यावर इंटिग्रिन नावाची प्रोटीन असतात, अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची जोडी. त्यांचं बाहेरचं टोक आजूबाजूच्या प्रोटीनला धरतं, आतलं टोक टॅलिन, विनक्युलिन, पॅक्सिलिन यांच्यामार्फत ॲक्टिनच्या दोऱ्यांना जोडलेलं असतं, आणि या सगळ्या गठ्ठ्याला फोकल ॲडहिजन म्हणतात. फायब्रोनेक्टिनला मुख्यतः अल्फा-५ बीटा-१ धरतं, कोलॅजनला अल्फा-२ बीटा-१ आणि अल्फा-१ बीटा-१, तर व्हिट्रोनेक्टिन, ऑस्टिओपॉन्टिन, बोन सियालोप्रोटीन यांना अल्फा-व्ही बीटा-३. फायब्रोनेक्टिनमधला धरायचा तुकडा फक्त तीन अमिनो आम्लांचा आहे, आर्जिनीन-ग्लायसीन-ॲस्पार्टिक आम्ल, म्हणजे आरजीडी, तो १९८४ मध्ये पियर्सबाखर आणि रुओस्लाटी यांनी शोधला. पुढं प्रयोगात हाच आरजीडी तुमचा सगळ्यात विश्वासू कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, होणार आहे.

यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे ही पकड ओढल्यावर सुटायच्या ऐवजी काही मर्यादेपर्यंत घट्ट होते. समोरचा जोर लावतो तशी पैलवानाची पकड आवळत जाते, तसंच काहीसं. अल्फा-५ बीटा-१ आणि फायब्रोनेक्टिनच्या जोडणीवर साधारण १० ते ३० पिकोन्यूटन बल असताना ती जास्त वेळ टिकते हे २००९ मध्ये मोजलेलं आहे, आणि त्याच वर्षी हेही दाखवलं गेलं की टॅलिन ताणलं की त्याच्या घड्या उलगडतात, आत लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथं येऊन विनक्युलिन बसतं. म्हणजे ताण हा फक्त त्रास नाही, जोडणी मजबूत करायचा तो निरोपच आहे. जास्त झाला की मात्र पेशी सुटते. मध्ये कुठंतरी ही रेषा आहे आणि तुमचा प्रयोग तीच शोधतोय.

पेशी कुठल्या घ्यायच्या

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये पेशींचं भांडार आहे, आपल्याकडच्या बऱ्याच लॅब तिथूनच पेशी मागवतात. नवीन असाल तर एमजी-६३ किंवा साओस-२ या माणसाच्या हाडाच्या कॅन्सरमधल्या लाईन वाढवायला सोप्या, पण कॅन्सरच्या असल्यानं त्यांची चिकटायची सवय नॉर्मल पेशीसारखीच असेल असं धरून चालू नका. उंदराच्या कवटीच्या हाडातली एमसी३टी३-ई१ ही जास्त बरी, माझा कौल तिलाच. तिच्यासाठी अल्फा-एमईएम मीडियम घेताना ॲस्कॉर्बिक आम्ल नसलेलं घ्या, कारण ते मिळालं की ही पेशी स्वतःचं कोलॅजन विणायला लागते आणि मग तुम्ही प्लेटवर लावलेल्या प्रोटीनच्या थरावर (कोटिंगवर) तिचंच कोटिंग चढतं. ऑस्टिओसाइटवर, म्हणजे हाडात गाडल्या गेलेल्या पेशीवर, काम करायचं असेल तर एमएलओ-वाय४ आहे, ती कोलॅजन लावलेल्या प्लेटवरच वाढवतात. खरं तर मोठ्या माणसाच्या हाडातल्या ९० ते ९५ टक्के पेशी ऑस्टिओसाइटच असतात, त्यामुळं कधीतरी तिकडं जायचंच आहे, पण सुरुवात ऑस्टिओब्लास्टनं, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशीनं करा.

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, पेशी स्वतः आणणार असाल तर फ्लास्क मीडियमनं काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, वर पॅराफिल्म गुंडाळून आणा, बर्फात ठेवू नका आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, एसीत मांडीवर ठेवा. आल्यावर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये तसंच राहू द्या, सकाळी जादाचं मीडियम काढा. मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये घुसणारे बारीक जिवाणू) टेस्ट केल्याशिवाय पुढं जाऊ नका, मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशी वरून ठणठणीत दिसतात पण त्यांच्या चिकटण्याच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत फंगस लई लवकर येतो, तेव्हा पावसाळ्यात इन्क्युबेटरचं पाण्याचं भांडं नेहमीपेक्षा जास्त वेळा बदला.

ताण न देता आधी चिकटवून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ९६ खणांची साधी प्लेट घ्या, त्यात फायब्रोनेक्टिन ०, १, २.५, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशा चढत्या क्रमानं लावा, ३७ अंशांवर एक तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. कोलॅजन लावणार असाल तर ते ०.०२ मोलर ॲसिटिक आम्लात पातळ करा आणि नंतर पीबीएसनं (मिठाचं बफर द्रावण) नीट धुवा, न्यूट्रल पाण्यात टाकलं तर त्याचे धागे तयार होऊन कोटिंग गाठीगाठीचं होतं. मग १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), ८० अंशांवर दहा मिनिटं गरम करून गार केलेलं, ते लावून रिकाम्या जागा बुजवा. तासाभरानं पेशी टाका, एका खणात वीस ते चाळीस हजार, ३० ते ६० मिनिटं चिकटू द्या, हलक्या हातानं धुवा, फिक्स करा, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट लावा, जादाचा रंग धुऊन टाका, १० टक्के ॲसिटिक आम्लात उरलेला रंग सोडवा आणि ५९० नॅनोमीटरच्या आसपास वाचा.

यात तीन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघायच्या. पहिली म्हणजे सीरम. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन दोन्ही असतात, तुम्ही प्लेटवर कोलॅजन लावलं आणि पेशी १० टक्के सीरममध्ये टाकल्या तर पेशी कोलॅजनला धरून आहे की सीरममधून आलेल्या व्हिट्रोनेक्टिनला, कोण सांगणार? म्हणून चिकटवताना सीरम नको. ट्रिप्सिन (पेशी फ्लास्कवरून सोडवायचं एन्झाइम) थांबवायलासुद्धा सीरम वापरू नका, सोयाबीनचा ट्रिप्सिन इन्हिबिटर मिळतो तो वापरा, आणि ट्रिप्सिननं पडद्यावरची काही प्रोटीन कापली जातात म्हणून पेशींना वीसेक मिनिटं सीरम नसलेल्या मीडियममध्ये तरंगत सावरू द्या.

दुसरी गोष्ट धुण्याचं पाणी. इंटिग्रिनला पकडीसाठी मॅग्नेशियम, कॅल्शियम असे आयन लागतात. कपाटात जी पीबीएसची बाटली असते ती बहुतेक वेळा कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेली असते, तिनं धुतलं की धरून बसलेल्या पेशी सुटतात आणि तुम्हाला वाटतं कोटिंग खराब आहे. दोन्ही आयन असलेलं पीबीएस घ्या.

तिसरी, आणि ही कुणी फारशी सांगत नाही, डोस वाढवत गेल्यावर चिकटण्याचा जो वक्र मिळतो त्याचा सपाट भाग टाळा. समजा १० मायक्रोग्रॅमला आणि २० मायक्रोग्रॅमला तेवढ्याच पेशी चिकटल्या, म्हणजे जागा भरली. त्या कोटिंगवर नंतर ताण देऊन पकड वाढली तरी दिसणार कुठं, आधीच सगळ्या चिकटल्यात. चढाच्या मधला डोस निवडा, जिथं अर्ध्याच्या आसपास पेशी चिकटतात, तिथं वर किंवा खाली काहीही झालं तरी दिसतं.

याच प्लेटवर कंट्रोल लावून घ्या. फक्त बीएसए लावलेला खण जवळजवळ रिकामा दिसला पाहिजे. आरजीडी पेप्टाइड मीडियममध्ये टाकलं की फायब्रोनेक्टिनवरचं चिकटणं घसरलं पाहिजे, आणि त्याचाच भाऊ आरजीई, ज्यात फक्त एक अमिनो आम्ल बदललंय, तो टाकला तर काही घसरू नये. ईडीटीए, म्हणजे ते आयन ओढून घेणारं रसायन, टाकलं की सगळंच सुटलं पाहिजे. कोलॅजनवर आरजीडीचा फारसा परिणाम दिसत नाही कारण तिथली धरायची जागा वेगळी असते, आणि दिसलाच तर समजा की तुमच्या कोलॅजनवर दुसरं काहीतरी बसलंय. एवढं चोख दिसेपर्यंत मशीनला हात लावू नका.

ताणायचं मशीन: उद्यमनगरचा फायदा घ्या

तयार मशीन मिळतात, सिलिकोनचा तळ असलेल्या सहा खणांच्या प्लेट खालून व्हॅक्यूमनं ओढणारी, पण ती महाग आणि प्लेटही दर वेळी विकत घ्यायला लागतात. कोल्हापुरात असण्याचा मोठा फायदा म्हणजे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं लेथ, मिलिंग, फाउंड्री सगळं हाकेच्या अंतरावर आहे, पंपाचे आणि इंजिनाचे पार्ट करणाऱ्या माणसाला दोन क्लॅम्प आणि एक स्लाइड करून देणं म्हणजे काहीच नाही. फक्त ड्रॉइंग नीट न्या आणि तोंडानं स्पष्ट सांगा, "दादा, क्लॅम्पच्या कडेला बर राहता कामा नये, आणि वरून कसलंही प्लेटिंग नको." बर म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, ती राहिली तर पेशी ज्यावर बसवायच्या ती सिलिकोनची पट्टी तिथंच फाटते, आणि पितळ, तांबं किंवा झिंक प्लेटिंग मीडियमला लागलं तर पेशी मरतात. मटेरियल एसएस ३१६ किंवा पॉलिकार्बोनेट. घरी आणल्यावर कटिंग ऑइल जाईपर्यंत डिटर्जंटनं घासा, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी, मग स्टीलचे पार्ट ऑटोक्लेव्हला.

सरकवायला स्टेपर मोटर आणि लीड स्क्रू, चालवायला आर्ड्युइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. हिशोब असा: मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, स्क्रू एका फेऱ्यात २ मिलिमीटर पुढं जातो, म्हणजे एक स्टेप १० मायक्रॉन. क्लॅम्पमधली पट्टी ३० मिलिमीटर धरली तर १ टक्का स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानानं झालेली वाढ) म्हणजे ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३० स्टेप. १ टक्का म्हणजेच १०,००० मायक्रोस्ट्रेन. आता बघा, माणसाच्या नडगीच्या हाडावर थेट गेज चिकटवून १९९६ मध्ये मोजलं तेव्हा चढउताराच्या वाकड्यातिकड्या पळण्यातसुद्धा स्ट्रेन २,००० मायक्रोस्ट्रेनच्या आतच राहिला होता. २,००० म्हणजे तुमच्या पट्टीवर फक्त ६ स्टेप, ६० मायक्रॉन. नटमध्ये ५० मायक्रॉनचा बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) असला तर दिशा बदलताना जवळजवळ सगळी हालचाल त्यातच जिरते आणि पेशीला काहीच मिळत नाही. म्हणून बॅकलॅश नसलेला नट मागा किंवा स्प्रिंग लावून एका बाजूला दाबून ठेवा.

मग प्रश्न येतो की हाडात एवढा कमी ताण असताना प्रयोगात लोक १ टक्का, कधी त्याहून जास्त का देतात. डिशमधल्या पेशीला ०.२ टक्क्याला बऱ्याचदा फारसं काही जाणवत नाही हे खरं आहे, आणि हाडाच्या आत मात्र ऑस्टिओसाइटच्या बारीक शाखांभोवती पाणी सरकतं आणि तिथं ताण मोठा होऊन पोचतो असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. तुम्ही सुरुवातीला ०.२, ०.५ आणि १ टक्का असे तीन ठेवा, वेग १ हर्ट्झ म्हणजे साधारण चालताना एका पायाच्या पावलांइतका, आणि वेळ अर्धा ते एक तास. कोंबड्याचे ३६ फेरे आठवा, चोवीस तासांची गरज नाही.

पट्टी आणि कोटिंग

पट्टी पीडीएमएस सिलिकोनची घरीच ओतता येते, बेस आणि क्युअरिंग एजंट १० ला १. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये अर्धा मिलिमीटर जाडी हवी तर ५ ग्रॅमच्या आसपास लागतं, हवा काढून घ्या, ट्रे स्पिरिट लेव्हलनं सपाट करा नाहीतर एका बाजूला जाड एका बाजूला पातळ होतं आणि स्ट्रेनही तसाच पसरतो, मग ६५ अंशांवर चार तास. कापताना ब्लेड नवीन.

सिलिकोनला पाणी आवडत नाही, त्यामुळं त्यावर फायब्रोनेक्टिन बसतं खरं पण त्याचा आकार बदलतो आणि आरजीडीची जागा पेशीला नीट मिळत नाही. प्लाझ्मा ट्रीटमेंट करून लगेच कोटिंग लावा, लगेच म्हणजे लगेच, ठेवून दिलं तर पृष्ठभाग परत पहिल्यासारखा होतो. प्लाझ्मा क्लीनर तुमच्याकडं नसेल तर शिवाजी विद्यापीठात फिजिक्स किंवा नॅनोसायन्सवाल्यांकडं विचारून बघा, अशी उपकरणं त्यांच्या कामात लागतात. आणि प्लास्टिक प्लेटवर काढलेला डोसचा वक्र सिलिकोनवर जसाच्या तसा लागू होत नाही, निदान तीन डोस पट्टीवर परत करून घ्या. कंटाळा येतो, पण करायचंच.

पेशी टाकण्याआधी खरा स्ट्रेन मोजा. पट्टीवर बारीक मार्करनं ठिपके काढा, सैल आणि ताणलेल्या अवस्थेत फोटो घ्या, इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यांतलं अंतर मोजा. क्लॅम्पजवळ आकडा वेगळा येतो आणि मध्यावर वेगळा, म्हणून पेशी फक्त मधल्या भागातल्याच मोजायच्या. पट्टी लांबीत ताणली की रुंदीत आकसते, तोही आकडा वहीत लिहा, कारण पेशीला एका दिशेनं ओढ आणि दुसऱ्या दिशेनं दाब दोन्ही मिळतात.

प्रयोगाचा दिवस

कोटिंग, बीएसए, पेशी, सगळं वर सांगितल्यासारखंच, फक्त पट्टीवर पेशी विरळ टाका, चौरस सेंटिमीटरला पाच-दहा हजार, नाहीतर एकमेकींना चिकटलेल्या पेशी बघून पकड कुणाची हे कळत नाही. तासभर चिकटू द्या, मग ताण. मोटर शक्यतो इन्क्युबेटरच्या बाहेर ठेवा आणि दांडी मागच्या भोकातून आत न्या, आत ठेवली तर ती तापते आणि ३७ चे ३९ होतात, शिवाय दमट हवेत गंजते. लाईट जाऊन मोटर मध्येच थांबली तर ते कळायला आर्ड्युइनोकडून फेऱ्यांची नोंद कार्डवर घेत राहा.

कंट्रोल चार ठेवा. एक, तीच पट्टी, त्याच क्लॅम्पमध्ये, न ताणलेली, प्लास्टिक प्लेट कंट्रोल म्हणून चालत नाही. दोन, पट्टी न ताणता तेवढ्याच वेगानं अख्खी मागंपुढं हलवलेली, कारण हलताना मीडियमही वाहतं, आणि १९९७ मधल्या एका गाजलेल्या कामात ऑस्टिओब्लास्ट ताणापेक्षा वाहत्या द्रवाच्या जोरालाच जास्त दाद देतात असं दिसलं होतं. हा कंट्रोल नसेल तर तुमचा स्ट्रेनचा निष्कर्ष उभाच राहत नाही. तीन, आरजीडीसह ताण. चार, आरजीईसह ताण.

ताण संपला की दोन वाटा आहेत. पकड किती घट्ट झाली हे हवं असेल तर पट्टी उलटी करून मीडियम भरलेल्या बंद डब्यात ठेवा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ठरावीक जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं बल) पाच मिनिटं फिरवा, आधी आणि नंतर त्याच जागेचे फोटो घेऊन किती पेशी टिकल्या ते मोजा. पिपेटनं धुऊन मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण पिपेटचा जोर प्रत्येकाच्या हाताचा वेगळा. आत काय बदललं हे हवं असेल तर मशीन थांबताच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड टाका, १५ मिनिटं, मग ०.१ टक्का ट्रायटन, मग विनक्युलिनची अँटीबॉडी, ॲक्टिनला फॅलॉयडिन, केंद्रकाला डॅपी. वेस्टर्न ब्लॉट करून एफएके या एन्झाइमचं ३९७ व्या टायरोसिनवरचं फॉस्फोरिलेशन बघायचं असेल तर पट्टी थेट बर्फावर घ्या आणि फॉस्फेटेज इन्हिबिटर घातलेला लायसिस बफर आधीच तयार ठेवा, फॉस्फेट मिनिटामिनिटाला उतरत असतं.

विनक्युलिनचे फोटो मोजताना फाईलची नावं कुणाकडून तरी बदलून घ्या, कुठली ताणलेली कुठली साधी हे मोजणाऱ्याला माहीत नको. ठिपक्यांची संख्या, प्रत्येकाचं क्षेत्रफळ आणि ते ताणाच्या दिशेशी किती अंशात आहेत हे तिन्ही लिहा. संख्या कमी पण क्षेत्रफळ मोठं असं आलं तर ती पकड सुटली असं समजू नका, छोट्या जोडण्या एकत्र येऊन मोठ्या झाल्या असू शकतात, तेव्हा सेंट्रिफ्यूजचा आकडा शेजारी ठेवून वाचा.

आणि एका दिवसात सहा पट्ट्या केल्या म्हणजे सहा प्रयोग झाले असं धरू नका. त्याच फ्लास्कमधल्या, त्याच दिवशीच्या सहा पट्ट्या म्हणजे एक प्रयोग. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या फेरीच्या) पेशी घेऊन, नव्यानं कोटिंग लावून निदान तीनदा करा, प्रत्येक वेळी पट्टीची जाडी, मोजलेला स्ट्रेन, फायब्रोनेक्टिनचा लॉट नंबर आणि पॅसेज नंबर वहीत लिहा, आणि ताणलेली व साधी पट्टी एकाच ट्रेमधून कापलेली ठेवा.